फोर-के टीव्हीवर गेम धूसर का दिसतो?

नवा फोर-के टीव्ही घरी गेला की थोड्याच दिवसांत फोन येतो, "सिनेमा झकास दिसतो, पण गेम तेवढा स्पष्ट वाटत नाही." बहुतेक वेळा टीव्ही ठणठणीत असतो. कन्सोलकडून (गेम चालवणाऱ्या यंत्राकडून) येणारं चित्र आणि टीव्हीचा पडदा यांचं माप जुळत नसतं, एवढंच.

फुल एचडी चित्र 1920 × 1080, म्हणजे साधारण 20.7 लाख पिक्सेलचं. फोर-के पडद्यावर 3840 × 2160, म्हणजे जवळपास 83 लाख, बरोबर चौपट. कमी पडणारे पिक्सेल कोणीतरी हिशेबाने भरतं, त्याला अपस्केलिंग म्हणतात. सिनेमा आधीच तयार असतो, गेमचं चित्र मात्र कन्सोलला सेकंदाला 30 किंवा 60 वेळा नव्याने काढावं लागतं. म्हणून पीएस5 (सोनीचा प्लेस्टेशन 5 कन्सोल) सुद्धा बरेच गेम आतून कमी रेझोल्यूशनवर काढतो आणि वाढवून पाठवतो. टीव्हीवर 2160 लिहून आलं, तरी गेम तेवढ्या पिक्सेलमध्ये काढलेला असेलच असं नाही.

खरा फरक पडतो तो चित्र कोण वाढवतं याने. 2016 च्या पीएस4 प्रोमध्ये चेकरबोर्ड पद्धत आली: एका फ्रेममध्ये, म्हणजे दर वेळी काढलेल्या एका चित्रात, बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक पिक्सेल काढायचे आणि उरलेले मागच्या फ्रेमच्या आधाराने भरायचे. 2024 च्या पीएस5 प्रोमधलं पीएसएसआर आणि 2025 च्या निन्टेन्डो स्विच 2 मधलं डीएलएसएस हेच काम मशीन लर्निंगने करतात. कोणती वस्तू कुठून कुठे सरकली, हे गेमला ठाऊक असतं. टीव्हीच्या हाती फक्त तयार चित्र लागतं. त्यामुळे कन्सोलचं आउटपुट 2160 वरच ठेवा, असं आम्ही आवर्जून सांगतो. 2017 च्या जुन्या स्विचला ही सोय नाही. टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमधून तो जास्तीत जास्त 1080 देतो, पुढचं काम टीव्हीचं.

आता शार्पनेस. गेममधलं सबटायटल पडद्यावर थांबवा आणि अगदी जवळ जाऊन अक्षरं बघा. अक्षरांभोवती पांढरट कड दिसली, तर टीव्हीचा शार्पनेस जास्त आहे. कड दिसेनाशी होईपर्यंत तो उतरवा. दुकानात भडक वाटणारं हे सेटिंग वाढवलेल्या चित्राची सगळ्यात जास्त नासाडी करतं.

गेम मोड चालू करा. नाहीतर टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो.

फोर-के 120, म्हणजे सेकंदाला 120 फ्रेम, हवं असेल तर एचडीएमआय 2.1 चा पोर्ट लागतो. अनेक टीव्हींवर असे एक-दोनच पोर्ट असतात, आणि सेटिंगही चालू करावं लागतं: सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीवर 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. पीएस5 च्या खोक्यात आलेली केबलच वापरा.

गेममध्ये क्वालिटी आणि परफॉर्मन्स असा पर्याय आला, तर फुटबॉल, रेसिंग आणि मारधाडीच्या गेमसाठी आम्ही परफॉर्मन्सच सुचवतो. चित्र किंचित मऊ होतं, पण हालचाल सलग दिसते.

घरात अजून पीएस2 असेल, तर पिवळ्या वायरीऐवजी कंपोनंट केबल लावा. टीव्हीला तसा पोर्ट आहे का ते आधी बघा, आणि जुन्या गेमसाठी पडदा 4:3 वर ठेवा, म्हणजे चेहरे ताणले जाणार नाहीत. जुना ट्यूबचा टीव्ही चालू असेल तर भंगारात देऊ नका. पीएस2 चे गेम त्याच पडद्यासाठी बनले होते.