अठ्ठेचाळीस होम रनवर किती विश्वास ठेवायचा?

२०२१ च्या हंगामात कॅन्सस सिटी रॉयल्स या अमेरिकेतल्या बेसबॉल संघाचा कॅचर साल्व्हाडोर पेरेझ याने ४८ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले. मुख्यतः कॅचर म्हणून खेळणाऱ्या खेळाडूचा हा तेव्हाचा विक्रम होता आणि त्याने जॉनी बेंचचा १९७० पासूनचा ४५ चा आकडा मागे टाकला. साहजिकच पुढच्या वर्षीच्या फॅन्टसी बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडताना, त्याचे नाव कॅचरांच्या यादीत अगदी वर होते. प्रत्यक्षात २०२२ मध्ये अंगठ्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो ११४ सामनेच खेळला आणि त्याच्या खात्यावर २३ होम रन जमा झाले. सामने कमी झाले म्हणून आकडा घटला, असे म्हणून हा विषय संपत नाही, कारण सामन्यामागचे होम रनही ०.३० वरून ०.२० वर आले होते. त्याच्या आधीच्या कारकिर्दीकडे पाहिले असते, तर २०१७ आणि २०१८ या दोन्ही वर्षांत त्याने प्रत्येकी २७ होम रन मारल्याचे दिसले असते. २०२२ चा पेरेझ त्या पेरेझच्या जवळचा होता.

कॅचर म्हणजे बेसबॉलमधला यष्टिरक्षक. फॅन्टसी बेसबॉलमध्ये खरे खेळाडू आपल्या कागदावरच्या संघात घ्यायचे असतात आणि त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर आपले गुण ठरतात. या खेळाचा आजचा साचा १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी घडवला. ही मंडळी ज्या रेस्टॉरंटमध्ये जमत, त्यावरून त्याला ‘रोटिसरी’ हे नाव पडले. आपल्याकडच्या फॅन्टसी क्रिकेटमध्येही यष्टिरक्षकाची जागा भरावीच लागते, पण तिथे एकच यष्टिरक्षक हजारो जण एकाच वेळी निवडू शकतात. ड्राफ्टमध्ये मात्र एकदा कोणी खेळाडू उचलला की तो इतरांसाठी संपतो. दुर्मीळतेचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

समजा, आपल्या लीगमध्ये १२ संघ आहेत आणि प्रत्येकाला एक कॅचर हवा आहे. मग कॅचरची किंमत त्याच्या एकूण होम रनवर ठरत नाही, तर कोणीच न घेतलेल्या तेराव्या कॅचरपेक्षा तो किती जास्त देतो, यावर ठरते. कल्पनेसाठी असे धरू की एक कॅचर २५ होम रन मारेल आणि तेरावा कॅचर १२. दुसरीकडे एक आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक) ३२ मारेल, पण त्या जागेसाठी शेवटी शिल्लक राहणारा आउटफिल्डरही २२ मारेल. आकडा ३२ चा मोठा असला, तरी कॅचरने मिळवून दिलेला फरक १३ चा आहे आणि आउटफिल्डरने दिलेला फक्त १० चा. पारंपरिक रोटिसरी पद्धतीत प्रत्येक संघाला दोन कॅचर लागतात. तिथे १२ संघांना २४ कॅचर हवे होतात आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे खऱ्या व्यावसायिक स्पर्धेत, संघच ३० आहेत. अशा लीगमध्ये तळाला राहणारा कॅचर बहुधा खऱ्या संघातला दुय्यम कॅचर असतो, जो आठवड्यातून दोन-तीनदाच मैदानात उतरतो. म्हणून एका कॅचरच्या लीगसाठी केलेली क्रमवारी दोन कॅचरांच्या लीगमध्ये जशीच्या तशी वापरणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

कॅचरांची फलंदाजी इतरांपेक्षा उणी का असते, याचे उत्तर त्यांच्या शरीराला द्याव्या लागणाऱ्या किमतीत आहे. मुखवटा, छातीचे कवच आणि नडग्यांवरची संरक्षणे चढवून कॅचर एका सामन्यात दीडशेच्या आसपास चेंडूंसाठी उकिडवा बसतो, त्यांतले कित्येक ताशी १५० किलोमीटरपेक्षा वेगाने येतात आणि बॅटची कड घेऊन उडालेले चेंडू त्याच्या बोटांवर, खांद्यावर, मुखवट्यावर आदळतात. १६२ सामन्यांच्या हंगामात त्यामुळे त्याला नियमित विश्रांती द्यावी लागते. अलीकडे आणखी एक धोका वाढला आहे. खाली येणारा चेंडू पंचाला स्ट्राइक (फलंदाजाविरुद्ध मोजला जाणारा चेंडू) वाटावा अशा सफाईने झेलायचा, तर कॅचरला बॅटच्या जवळ सरकावे लागते. मे २०२४ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सच्या विल्सन कॉन्ट्रेरासच्या हातावर फलंदाजाची फिरती बॅट बसली आणि त्याच्या पुढच्या हाताचे हाड मोडले. पुढच्या हंगामात संघाने त्याला पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाच्या जागी हलवले.

हेच कॉन्ट्रेरासचे उदाहरण फॅन्टसीच्या दृष्टीने फार बोलके आहे. बहुतेक लीगमध्ये मागच्या वर्षी ठरावीक सामने, अनेकदा २०, त्या जागेवर खेळलेला खेळाडू या वर्षीही त्या जागेसाठी पात्र धरला जातो. त्यामुळे २०२५ मध्ये तो कागदावर कॅचर राहिला आणि प्रत्यक्षात मात्र पहिल्या बेसवरच्या माणसाइतका नियमित खेळला. उकिडवे न बसता कॅचरची जागा भरणारा असा खेळाडू क्रमवारीत दोन पायऱ्या वर घ्यावा. २०२२ पासून मेजर लीगच्या दोन विभागांपैकी नॅशनल लीगमध्येही क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणारा डेझिग्नेटेड हिटर कायमचा आला, त्यामुळे चांगली बॅट असलेल्या कॅचरला विश्रांतीच्या दिवशीही फलंदाजी मिळू लागली. पेरेझ २०२१ मध्ये १६१ सामने खेळू शकला, तो याच सोयीमुळे. रॉयल्स ज्यात खेळतात त्या अमेरिकन लीगमध्ये ती आधीपासून होती.

संधी कमी असण्याचा एक फायदाही आहे, जो यादी करणारे सहसा विसरतात. फलंदाजीची सरासरी, म्हणजे मिळालेल्या संधींपैकी किती वेळा हिट (फटका मारून बेस गाठणे) साधला ते प्रमाण, संपूर्ण संघाची मोजली जाते. आपले लक्ष्य ०.२७० असेल आणि खेळाडू ०.२४० ने खेळत असेल, तर ३८० संधी मिळालेला कॅचर संघाला सुमारे ११ हिटांचा तोटा करतो, तर ५८० संधी मिळालेला आउटफिल्डर सुमारे १७ हिटांचा. वाईट सरासरीचा कॅचर म्हणूनच वाटतो तितका जड पडत नाही.

पण त्या सरासरीवर विश्वास किती ठेवायचा? खरी क्षमता ०.२५० असलेल्या फलंदाजाला ४०० संधी मिळाल्या, तरी निव्वळ नशिबाने त्याचा आकडा तीनपैकी एका वेळी ०.२२८ ते ०.२७२ या पट्ट्याच्या बाहेर पडतो. म्हणजे क्रमवारीतल्या सहाव्या आणि अकराव्या कॅचरमधले अंतर पुष्कळदा नशिबाचेच असते. संख्याशास्त्रात यावरचा उपाय चार्ल्स स्टाइन आणि विलर्ड जेम्स यांनी १९६१ मध्ये मांडला आणि ब्रॅडली एफ्रन व कार्ल मॉरिस यांनी तो १९७० च्या हंगामातल्या १८ फलंदाजांवर तपासून दाखवला. प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधींचा आकडा त्यांनी घेतला. त्या यादीत तळाहून दुसरा न्यूयॉर्क यँकीजचा नवखा कॅचर थर्मन मन्सन होता, ४५ पैकी ८ हिट, सरासरी ०.१७८. सर्वांत वर रोबेर्तो क्लेमेंते, ०.४००. अठराही जणांची मिळून सरासरी ०.२६५ होती. प्रत्येकाचे त्या सरासरीपासूनचे अंतर सुमारे पंचमांशावर आणायचे, एवढेच सूत्र. त्याने मन्सनचा अंदाज ०.२४७ आणि क्लेमेंतेचा ०.२९४ दिला. उरलेल्या हंगामात मन्सन ०.३१६ ने आणि क्लेमेंते ०.३४६ ने खेळला. सर्वांचे मिळून पाहता सूत्राची वर्ग-त्रुटी (चुकांच्या वर्गांची बेरीज) कच्च्या आकड्यांच्या त्रुटीपेक्षा साडेतीन पट कमी निघाली. मन्सन त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. ज्याने पहिल्या ४५ संधी पाहून त्याला सोडून दिले असते, त्याची अवस्था काय झाली असती, हे वेगळे सांगायला नको.

क्लेमेंतेचा आकडा मात्र नीट पाहावा. त्याच्या बाबतीत सूत्राने ०.४०० पेक्षा जेमतेमच चांगला अंदाज दिला, कारण तो खरोखर असामान्य फलंदाज होता आणि सूत्राला त्याची आधीची कारकीर्द ठाऊक नव्हती. म्हणून आकडा असा खेचताना सगळ्यांच्या सरासरीकडे न खेचता खेळाडूच्या आधीच्या दोन-तीन हंगामांकडे खेचणे अधिक योग्य. सिअॅटल मरिनर्सच्या कॅल रॅलीने २०२५ मध्ये ६० होम रन मारून पेरेझचा विक्रम तर मोडलाच, पण डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंनी फलंदाजी करणाऱ्यांमधला मिकी मॅंटलचा १९६१ चा ५४ चा विक्रमही मोडला. त्याआधीच्या तीन वर्षांचे त्याचे आकडे २७, ३० आणि ३४ आहेत. मी त्याच्या नावापुढे ६० लिहिणार नाही आणि ३४ सुद्धा लिहिणार नाही. चाळिशीच्या आसपासचा अंदाज मला प्रामाणिक वाटतो. तेवढ्यातही तो पहिल्या क्रमांकावरच राहतो, कारण त्याच्या आणि तळाच्या कॅचरमधली दरी कोणत्याही जागेवरच्या दरीपेक्षा लहान नाही.

त्याच्यानंतरच्या नावांना एक, दोन, तीन असे आकडे देण्यापेक्षा त्यांचे गट पाडावेत. ज्या गटातल्या चौघांचे अंदाज एकमेकांच्या त्रुटीत मिसळून जातात, त्यांतला पहिला घेण्यासाठी ड्राफ्टमधली वरची पाळी खर्च करू नये. गटात शेवटचा एकच उरला आणि पुढचा गट बराच खाली असला, की मात्र थांबू नये.

२०२६ च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देण्याची मुभा आली आहे. आव्हान पिचर (चेंडू टाकणारा), फलंदाज किंवा कॅचर देऊ शकतो आणि प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन आव्हाने मिळतात. सफाईने झेलून पंचाकडून स्ट्राइक मिळवण्याचे मोल यामुळे थोडे कमी झाले, तर केवळ त्या कौशल्यावर संघात टिकलेल्या कमकुवत फलंदाजांची जागा चांगली बॅट असलेल्या कॅचरांकडे सरकू शकेल. तसे झाले, तर तेराव्या कॅचरचे १२ होम रन १५ होतील आणि वरच्या सगळ्यांच्या किमती नव्याने मांडाव्या लागतील.