एसफोरसीचे पैसे वेल्स सरकार देत नाही

वेल्श भाषेची वाहिनी एसफोरसी वेल्सचं सरकार पोसतं, असं कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. प्रसारण हा विषय वेल्सच्या कार्डिफमधल्या संसदेकडे कधी आलाच नाही. तो आजही लंडनच्या अखत्यारीत आहे.

वाहिनी मिळाली तीही भांडून. वेल्श वाहिनीचं दिलेलं वचन थॅचर सरकारने फिरवलं, तेव्हा १९८० मध्ये वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विनफोर एव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकार नमलं, आणि १ नोव्हेंबर १९८२ला प्रक्षेपण सुरू झालं. (उपोषणाची धार आपल्याला वेगळी सांगायला नको.)

पूर्वी मोठा वाटा लंडनच्या तिजोरीतून यायचा. २०१३पासून तो बराचसा टीव्ही परवाना शुल्काकडे वळला, म्हणजे टीव्ही पाहणारी ब्रिटनभरची घरं जे शुल्क भरतात आणि ज्यावर बीबीसी चालते त्याकडे. एप्रिल २०२२पासून सार्वजनिक पैसा सगळाच तिथून येतो; सुरुवातीला तो वर्षाला सुमारे ८.९ कोटी पौंड होता. म्हणजे वेल्शचा एक शब्द न कळणारा लंडनकरही त्यात भर घालतो.

‘मग ती बीबीसीचीच की!’ तसंही नाही. एसफोरसी स्वतंत्र आहे. बीबीसी तिला बातम्या आणि १९७४पासूनची ‘पोबोल अ कुम’ ही मालिका फुकट पुरवते. बाकीचे बहुतेक कार्यक्रम खासगी निर्मात्यांकडून बनवून घेतले जातात.