थांबताना गाडी बंद पडते? तपासणीला आणण्याआधी हे वाचा

ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, क्लच दाबला, ब्रेक लावला आणि इंजिन गप्प. स्टार्टर मारला की लगेच सुरू. हा दोष रोज दिसत नाही, आणि वर्कशॉपमध्ये आली की गाडी हमखास शहाण्यासारखी वागते. म्हणून स्कॅनर लावण्याआधी आम्ही तुम्हालाच विचारतो: नेमकी कधी बंद पडते? (ही माहिती इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे.)

पाय उचलला की थ्रॉटलची पाकळी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ मिटते. गरम इंजिन मग बारीक फटीतून येणाऱ्या हवेवर साधारण ६५० ते ८५० आरपीएमवर फिरत राहते. वरून खाली येणारा आरपीएम ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) तिथेच झेलायचा असतो. पाकळीच्या कडेला काजळी साचली की हवा कमी पडते आणि झेल सुटतो. एसी चालू असताना किंवा स्टिअरिंग वळवताना त्रास वाढत असेल, तर पहिला संशय इथेच. थ्रॉटल बॉडी घरी साफ करणार असाल तर इलेक्ट्रॉनिक पाकळी बोटाने ढकलू नका, आतले गिअर बिघडू शकतात. साफसफाईनंतर बऱ्याच गाड्यांत ईसीयूला आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) नव्याने शिकवावे लागते. तोवर आरपीएम चढा राहू शकतो.

ब्रेक दाबला तरच बंद पडते? मग बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा डबा) बघा. गाडी उभी, हँडब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पेडल दाबून धरा. पायापाशी सूं असा आवाज सतत येत राहिला आणि इंजिन थरथरू लागले, तर बूस्टरमधला पडदा फाटून हवा आत शिरते आहे.

टाकी भरल्यानंतरच त्रास होतो, सुरू करताना ॲक्सिलरेटर दाबावा लागतो: पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकल्याची ही ठरलेली खूण. ऑटोमॅटिक गाडी आधीच न्यूट्रलला टाकून थांबवली आणि बंद पडली नाही, तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) सुटत नसावा. चालती गाडी गिअरमध्ये असताना आरपीएमचा काटा एकदम शून्यावर आपटला, आणि इंजिन निवल्यावरच सुरू झाले, तर संशय क्रँक सेन्सरवर (इंजिनचे फिरणे ईसीयूला कळवणारा सेन्सर).

आमच्याकडे आम्ही स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहतो, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो ते. आयडलला लाँग टर्म (दीर्घकाळचा) आकडा +१०% च्या वर आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, म्हणजे बहुधा कुठेतरी हवा गळते. ती जागा धुराच्या चाचणीत सापडते. उलट, आरपीएम आणि लोड वाढवल्यावर आकडा चढत गेला, तर पेट्रोलचा दाब किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासायचा. हे न बघता फ्युएल पंप बदलणे म्हणजे नुसता अंदाज.

एक विनंती: येण्याआधी बॅटरीचे टर्मिनल काढू नका. ईसीयूने नोंदलेला दोषाचा कोड पुसला जातो, आणि दोष आला त्या क्षणी नोंदलेले आरपीएम, तापमान, वेगही जातात.

चालताना बंद पडली तर किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. ते जड लागेल, पण वळेल. बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, म्हणून ब्रेक पंप न करता एकदाच जोराने दाबून धरा.

फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टनंतर बंद पडत असेल, तर गाडी आदल्या रात्रीच ठेवून जा. इथवर चालवत आणलेले इंजिन गरम झालेले असते, त्यात तो दोष दिसत नाही.