तुकडा, मेण आणि काच : ओरल पॅथॉलॉजीतल्या टेक्निशियनच्या कामाची पार्श्वभूमी

सकाळी साडेनऊला टेबलावर पाच-सहा बाटल्या मांडलेल्या असतात. एकीत गालाच्या आतून काढलेला मसुराएवढा तुकडा, दुसरीत अक्कलदाढेभोवतीची सिस्ट, तिसरीत दाढेसकट उतरवलेला जबड्याचा भाग. पेशंट म्हणतो ‘तुकडा तपासायला दिलाय’, डॉक्टर म्हणतात ‘बायॉप्सी पाठवलीय’. रिपोर्टवर सही ओरल पॅथॉलॉजिस्टची, म्हणजे तोंडाचे आजार मायक्रोस्कोपखाली ओळखणाऱ्या डॉक्टरची असते; आम्ही त्यांना ‘सर’ म्हणतो. बाटली रजिस्टरला चढल्यापासून रंगवलेली स्लाइड सरांच्या मायक्रोस्कोपखाली जाईपर्यंतचं काम, ग्रॉसिंग (आलेला तुकडा नुसत्या डोळ्यांनी तपासून हवा तो भाग कापून घेणं) सोडलं तर, टेक्निशियनच्या हातून होतं. नाशिकमध्ये बरीच वर्षं मी तेच करते आहे.

काम सांगायचं तर दोन वाक्यांत मावतं. मऊ असेल ते कापण्याजोगं कडक करायचं आणि कडक असेल ते कापण्याजोगं मऊ करायचं. मग त्याचा चार-पाच मायक्रॉनचा पापुद्रा काढायचा, म्हणजे एका मिलिमीटरचे दोनशे-अडीचशे काप. लिव्हर-किडनी बघणाऱ्या प्रयोगशाळेचं बहुतेक वेळा पहिल्या वाक्यावरच भागतं. तोंडात मात्र जीभ आणि दात बोटभर अंतरावर, त्यामुळे आमच्याकडे दोन्ही कामं एकाच टेबलावर चालतात. ती शोधून काढणारी माणसं मात्र वेगवेगळी होती.

दाताची गोष्ट आधीची. सतराव्या शतकात डेल्फ्टच्या लेवेनहूकने स्वतः घासलेल्या भिंगाखाली दात धरून त्यातल्या बारीक नळ्या पाहिल्या. १८३५ मध्ये ब्रेस्लाउत पुर्किन्ये आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी दाताची रचना नीट मांडली. पाठोपाठ स्वीडनच्या रेत्झियसने इनॅमलमधल्या, म्हणजे दाताच्या वरच्या टणक आवरणातल्या, रेषांचं वर्णन केलं. बीडीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं त्या रेषा आजही जर्नलमध्ये तपकिरी पेन्सिलने काढतात. या मंडळींकडे ना मेण होतं, ना तुकडा टिकवणारं फॉर्मलिन. दात घासून पातळ करायचा, हा त्यांचा मुख्य मार्ग होता.

ती रीत आम्ही सोडलेली नाही. दात सरळ करण्यासाठी काढलेली उपदाढ घ्यायची, लेथच्या चाकावर दोन्ही बाजूंनी खाली आणायची, पुढे कार्बोरंडमच्या दगडावर पाणी टाकत बोटाने गोल गोल घासायची. शेवटचा हात बारीक अर्कान्सा दगडावर. दात संपत आला की बोटाचं टोकही झिजायला लागतं आणि नेमका तेव्हाच जास्त जोर लावायचा मोह होतो. छापील कागदावर ठेवून खालची अक्षरं वाचता आली की थांबायचं. माझे पहिले चार दात थांबायच्या आतच तुटले. पाचवा टिकला, आणि मुलांना दाखवायच्या स्लाइडच्या बॉक्समध्ये अजून आहे.

मग सगळेच दात असे का घासत नाहीत? कारण घासताना जिवंत भाग हाती लागत नाही. दाताच्या आतला पल्प, मुळाभोवतीचा लिगामेंट, जबड्यातली गाठ पाहायची तर हाडातलं कॅल्शियम आधी काढून टाकावं लागतं. त्यासाठी ॲसिड, फॉर्मिक किंवा नायट्रिक. याला डीकॅल्सिफिकेशन म्हणतात, बोलण्यात आम्ही ‘डीकॅलला टाकलंय’ म्हणतो. कधी तीन दिवस, कधी तीन आठवडे. घाई केली तर पेशी पुढे रंगच घेत नाहीत, फार रेंगाळलं तरी तेच. झालं की नाही हे सुई टोचून बघणारे आहेत, पण मग त्या भोकाची स्लाइडही बघावी लागते. ॲसिड थोडं परीक्षानळीत घेऊन त्यात अमोनिया आणि अमोनियम ऑक्झलेट टाकायचं, गढूळ झालं तर कॅल्शियम अजून निघतंय. आणि दाताच्या दवाखान्यात असण्याचा एक फायदा आहेच : शेजारच्या खोलीत एक्स-रे असतो, उरलेलं कॅल्शियम त्यात दिसतं.

डीकॅलमध्ये एक गंमत होते, नवखा माणूस तिथे हमखास घाबरतो. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. कॅल्शियम गेलं की इनॅमलच गेलं. स्लाइडवर दाताच्या डोक्याशी नुसती रिकामी जागा उरते. मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा सेक्शन (कापलेला पापुद्रा) फाडलं म्हणून दोन तास कुणाशी बोलले नव्हते. इनॅमल बघायचं तर घासायचं, बाकी सगळं बघायचं तर विरघळवायचं. म्हणून घासायची पद्धत आणि ॲसिडची पद्धत अजून शेजारी शेजारी नांदतात.

मऊ तुकड्याची अडचण उलटी. तो शरीराबाहेर पडताक्षणी सडायला लागतो. बरीच वर्षं लोक अल्कोहोलमध्ये काम भागवत. १८९३ मध्ये फ्रँकफुर्टच्या फर्डिनांड ब्लुमने फॉर्मल्डिहाइडचा उपयोग शोधला, तोही योगायोगाने. तो ते जंतुनाशक म्हणून तपासत होता. दिवसभर हात त्यात घालून बोटांची कातडी ताठ झाली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कातडी ताठ होते तर तुकडाही ताठ होईल. १० टक्के फॉर्मलिन, म्हणजे त्याचं पाण्यातलं द्रावण, तिथून आलं. तुकड्याच्या दहा ते वीस पट फॉर्मलिन हवं हा नियम भिंतीवर चिकटवलेला आहे. एका दवाखान्याने एकदा शनिवारी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत, सलाइनमध्ये तुकडा पाठवला. सोमवारी उघडला तर लगदा. त्या माणसाला पुन्हा बोलावून पुन्हा भूल द्यावी लागली. फॉर्मल्डिहाइड माणसासाठी कर्करोगकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये पक्कं सांगितलं. डोळे मात्र आम्हाला ते रोज दुपारी सांगत होते. एक्झॉस्ट फॅनची फाइल हा वेगळा इतिहास आहे, तो इथे नको.

फॉर्मलिनमुळे तुकडा टिकला, तरी कापण्याइतका घट्ट होत नाही. १८६९ च्या सुमारास एडविन क्लेब्सने तुकडा मेणात बसवायचं सुचवलं. मेण आणि पाणी एकत्र येत नाहीत, म्हणून आधी चढत्या अल्कोहोलमधून पाणी काढायचं, मग झायलीनने अल्कोहोल हटवायचं, मग वितळलेल्या मेणात. आज हे रात्रभर यंत्र करतं; यंत्र बंद पडलं की पुन्हा हाताने. मेण आमच्याकडे ५८ ते ६० अंशांना वितळणारं. डिसेंबरात निफाडचा पारा एक आकडी झाला की आमच्या खोलीतही ब्लॉक (तुकडा बसवलेली मेणाची वडी) ठिसूळ होतो आणि कापांची रिबन पावलापावलाला तुटते. एप्रिलमध्ये तोच ब्लॉक सुरकुततो, दर दोन मिनिटांनी बर्फावर ठेवावा लागतो. द्राक्षवाले जशी थंडी मोजतात तशी आम्हीही मोजतो.

एम्बेडिंगच्या, म्हणजे मेणात बसवायच्या, वेळी तुकडा साच्यात कोणत्या कुशीवर ठेवायचा, हा या कामाचा जीव आहे. गालाच्या तुकड्याला वरचं अस्तर असतं आणि खाली मांस. तो कडेवर उभा ठेवला तरच अस्तर तळापर्यंत शाबूत आहे की पेशी खाली उतरल्यात हे दिसतं. आडवा पडला तर सगळं अस्तर, नाहीतर सगळं मांस, आणि कॅन्सर आहे की नाही याचं उत्तर मेणातच राहतं. मला शिकवणारे जुने काका म्हणायचे, ‘अगं, कड खाली कर. नाहीतर सर स्लाइडवर काय बघतील, तुझं तोंड?’ ते मेण गरम असतानाच चिमट्याने तुकडा उभा धरायचे आणि तळ गोठेपर्यंत श्वाससुद्धा हळू घ्यायचे.

कापायच्या यंत्राचं, मायक्रोटोमचं, आजचं चाक फिरवायचं रूप १८८६ मध्ये मिनोटने दिलं. चाकाची एक फेरी, एक सेक्शन. पुढचं आधीच्याला चिकटून येतं आणि मेणाची रिबन सुटते. आता ब्लेड वापरून फेकतात. काकांच्या उमेदीत पोलादी सुरी होती. आठवड्यातला एक दिवस तिला दगडावर धार लावण्यात आणि न्हाव्यासारखी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवण्यात जायचा. रिबन कोमट पाण्यावर सोडायची, तिच्या सुरकुत्या आपोआप उलगडतात, मग काच खालून तिरकी घालून उचलायची. काचेला सेक्शन चिकटून राहावं म्हणून अंड्याचा पांढरा आणि ग्लिसरीन लावायची पाउल मायरची १८८३ मधली युक्ती आम्ही अजून वापरतो. उपवासाच्या दिवशी डब्यात साबुदाणा आणि टेबलावर अंडं, हे आता कुणाला खटकत नाही.

रंगाचा इतिहास मला सगळ्यात आवडतो. हिमॅटॉक्झिलिन मेक्सिकोच्या कांपेचे भागातल्या एका झाडाच्या गाभ्यातून येतं. युरोपने ते लाकूड कापड रंगवायला नेलं आणि त्यावरून स्पॅनिश-इंग्रज भांडलेही. १८६५ मध्ये ब्योमरने त्यात तुरटी घातली, तेव्हा ते पेशींच्या केंद्रकाला नीट धरू लागलं. तुरटीने रंग पक्का बसतो हे येवल्याच्या रंगाऱ्याला सांगायला नको. त्याच्या जोडीला इओसिन नावाचा गुलाबी कृत्रिम रंग १८७० च्या दशकात आला आणि जांभळा-गुलाबी हा जोडरंग कायम झाला. त्यातही हिमॅटॉक्झिलिन लगेच रंगवत नाही, हवा आणि उन्हात मुरावं लागतं. जुन्या कृतींत बाटली खिडकीत सहा-आठ आठवडे ठेवायला सांगितलेली असे, कैरीच्या लोणच्यासारखी. १९०० मध्ये हॅरिसने पाऱ्याचं संयुग घालून ते एका उकळीत मुरवलं.

‘बायॉप्सी’ हा शब्द फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बेनिएचा, १८७९ चा. नंतर आठ वर्षांनी तो जगभर गाजला, आणि चांगल्या कारणाने नाही. जर्मन युवराज फ्रीडरिखच्या स्वरयंत्रातले तुकडे फिर्खोकडे गेले. पॅथॉलॉजीतलं तेव्हाचं सगळ्यात मोठं नाव. त्यांना तुकड्यात कॅन्सर दिसला नाही. सम्राट झाल्यावर काही महिन्यांत, जून १८८८ मध्ये, फ्रीडरिख त्याच आजाराने गेला. स्लाइडवर आलेल्या तुकड्यापलीकडचं फिर्खोलाही दिसत नव्हतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि सरांचं मन मानत नसेल तर ते ब्लॉक पुन्हा खोलवर कापायला सांगतात, तेव्हा मला हा किस्सा आठवतो.

आपल्याकडे या कामाला खरा जोर तंबाखूने आणला. फेब्रुवारी १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत खानोलकरांनी घेतली. तोंडाचा कॅन्सर आणि तंबाखू खाण्याच्या सवयी यांचा संबंध त्यांनी सातत्याने तपासला. १९५२ मध्ये श्वार्ट्झने पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांच्या तोंडातला ताठपणा नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशींनी त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हटलं. सुपारीने गाल आतून चामड्यासारखा होतो, तोंड दोन बोटंही उघडत नाही, हे नाशिकच्या कुठल्याही पानटपरीवर माहीत आहे. अशा तोंडातून तुकडा काढणं डॉक्टरला अवघड, म्हणून तो छोटा आणि वाकडा येतो, आणि तो उभा करणं मला अवघड. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळत राहिली, बाटल्याही येत राहिल्या.

साठच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी एर्नाकुलमपासून दरभंग्यापर्यंत गावोगावची तोंडं तपासली. १९६९ मध्ये छापलेल्या अहवालात ५०,९१५ गावकरी होते. १९७२ मधल्या महाराष्ट्राच्या अहवालात १,०१,७६१. संशयित चट्ट्यांचे तुकडे काढले गेले, म्हणजे ते कुठेतरी मेणात बसले, कापले गेले, रंगले. ते कापणाऱ्यांचे हात कुणाचे, हे मी त्या कागदांत शोधलं. लेखकांच्या यादीत ते नव्हते.

कायद्यातही नव्हते. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने डेंटिस्ट, हायजिनिस्ट आणि कवळ्या बनवणारा मेकॅनिक यांना नोंदणी दिली. तुकडा कापणारा त्यात कुठेच बसत नाही. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत पॅथॉलॉजिस्टांच्या संस्थेने ऊती कापणाऱ्यांची वेगळी परीक्षा सुरू केली. आपल्याकडे डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून माणूस येतो, ज्यात रक्त-लघवीचा वाटा मोठा आणि मायक्रोटोमचा छोटा. दात तर जवळजवळ नाहीच, तो नोकरीत शिकायचा. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ अखेर आले.

नाशिकमध्ये या कामाला जागा मिळाली ती दंतशिक्षणामुळे. पंचवटीत भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचं दंत महाविद्यालय आहे, आणि १९९८ मध्ये म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाल्यापासून राज्यभरच्या संलग्न दंत महाविद्यालयांच्या परीक्षांचा कारभार इथूनच चालतो. काका सांगतात की त्याआधी शहरातल्या डेंटिस्टची बाटली सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने, कुणातरी ओळखीच्या प्रवाशाच्या पिशवीतून मुंबईला जायची. रिपोर्ट पोस्टाने. बाटली सांडली तर शेजारच्याच्या डब्याला फॉर्मलिनचा वास.

ब्लॉक आम्ही फेकत नाही. लाकडी खणांत वर्षानुसार रचलेले आहेत. मागच्या महिन्यात सरांनी एक जुना ब्लॉक मागितला, कारण तोच माणूस तोच गाल घेऊन परत आला होता. तिसऱ्या खणात सापडला. मेणात बसवलेल्या कागदी चिठ्ठीवर नंबर पेन्सिलने लिहिलेला, कारण शाई अल्कोहोलमध्ये वाहून जाते. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ, काका मारायचे तशी. ब्लॉक पाच मिनिटं बर्फावर ठेवला आणि चाक फिरवलं. तुकडा कडेवर उभा होता.