मोठ्या आतड्याचा कर्करोग, आहार आणि खान्देशातले विद्यार्थी : पार्श्वभूमी

युगांडात अनेक वर्षे काम केलेल्या एका सर्जनने १९७१च्या सुमारास मांडले की, जेवणात चोथा, म्हणजे तंतू, कमी असला की मळ मोठ्या आतड्यात रेंगाळतो आणि त्यातली घातक द्रव्ये अस्तराला जास्त वेळ लागून राहतात. २००० साली आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मात्र तंतू वाढवूनही काढलेले पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरच्या, पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या गाठी) पुन्हा उगवायचे थांबले नाहीत. तरी अख्ख्या धान्याच्या बाजूचा पुरावा पुढे वाढतच गेला.

खरा गुंता ऑक्टोबर २०१५पासूनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बोलावलेल्या १० देशांतल्या २२ तज्ज्ञांनी प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात, म्हणजे ‘कर्करोग होतो हे नक्की’ अशा गट १मध्ये टाकले आणि लाल मांस ‘बहुधा होतो’ अशा २-अ गटात. हा गट पुरावा किती पक्का हे सांगतो, धोका किती मोठा हे नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्के वाढतो. म्हणजे आयुष्यभरात १०० जणांत ५ रुग्ण होत असतील तिथे साधारण ६ होतील. सिगारेटशी तुलना करणारे मथळे हे गाळूनच छापले गेले. २०१९मध्ये संशोधकांच्या दुसऱ्या एका चमूने ‘चालू आहे तेवढे मांस खायला हरकत नाही’ असा सल्ला दिला. स्वतःच्याच पुराव्याला तो कच्चा म्हणत होता, तरी वाद पेटायचा तो पेटलाच.

या कर्करोगाविषयी विद्यार्थ्यांची जाण मोजताना वापरली जाणारी इंग्लंडची प्रश्नावली याच शब्दांवर अडते. ‘लाल किंवा प्रक्रिया केलेले मांस रोज’ हे तिथे एकच विधान आहे. जळगाव-धुळ्याकडचा मुलगा ‘प्रक्रिया केलेले’ म्हटल्यावर सॉसेज-सलामी डोळ्यांपुढे आणत नाही. त्याला वेफर्स आणि फरसाण आठवते. मटण लाल मांसात येते, कोंबडी येत नाही, हेही कुठे लिहिलेले नसते. शाकाहारी मुले तर विधान वाचतात आणि अंदाजाने खूण करतात.

‘रोज फळे-भाज्यांचे पाच वाटे’ याचेही तेच. एक वाटा ८० ग्रॅमचा. बटाटा धरायचा नाही आणि डाळ कितीही खाल्ली तरी दिवसाला एकच वाटा. मेसच्या ताटातली बटाट्याची रस्साभाजी या हिशेबात शून्य, आणि शेवभाजीत तर भाजी नसतेच. उलट वाटीभर वांग्याचे भरीत एक वाटा सहज भरून काढते. तंतूंचे विधान वेगळे असते, पण भाकरीचे नाव त्यात नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू, बाजरीत ११हून थोडे जास्त, मैद्यात जेमतेम ३. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळलेला असतो, त्यामुळे तिचा आकडा आणखी चढतो. घरी ती खाणारा मुलगा ‘तंतुमय आहार’पुढे ‘माहीत नाही’ लिहितो. हे त्याचे अज्ञान म्हणावे की अनुवादाचे?

पन्नाशीच्या आतले रुग्ण वाढू लागल्यावर अमेरिकेत या कर्करोगाच्या तपासणीचे वय ५०वरून ४५वर आले, एका संस्थेच्या सल्ल्यात २०१८मध्ये आणि दुसरीच्या २०२१मध्ये. तरुणांना प्रश्न विचारायची लाट त्यानंतर जास्त वाढली. आपल्याकडच्या २०१६च्या तपासणी आराखड्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत. त्यामुळे आरोग्य शिबिरात मोठ्या आतड्याचे नाव क्वचितच निघते आणि शौचातून रक्त पडले की मूळव्याध, हेच उत्तर पहिले येते. त्यात काही मराठी अनुवादांनी ‘गुदाशय’ (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) या शब्दाऐवजी ‘गुदद्वार’ लिहून ठेवले आहे.