धैर्य म्हणजे यशाची खात्री नव्हे

“घाबरतेस कशाला? विश्वास असेल तर अपयश येणारच नाही.” प्रार्थनासभेत, तरुणांच्या शिबिरात, मुलाखतीला निघालेल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. म्हणणाऱ्याचं मन चांगलं असतं, यात मला शंका नाही. पण त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी कालवलेल्या असतात, आणि त्याचा भुर्दंड ऐकणारीला सोसावा लागतो. निवड झाली नाही की ती दोनदा हरते. एकदा नोकरी हुकली म्हणून, आणि दुसऱ्यांदा आपला विश्वासच खोटा होता असं वाटलं म्हणून. दुसरी हार तिच्यावर आपण लादलेली असते.

कालवलेल्या त्या दोन गोष्टी म्हणजे यशाची खात्री आणि विश्वासातलं धैर्य.

पहिली सगळ्यांच्या ओळखीची आहे. तयारी झाली आहे, अनुभव आहे, मागच्या वेळी जमलं होतं, म्हणून याही वेळी जमेल असं आतून वाटणं. चांगली गोष्ट आहे ती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे ती नसेल तर मला त्या टेबलावर झोपायला आवडणार नाही. ख्रिस्ती माणसानं तिच्याकडे संशयानं पाहण्याचं कारण नाही. फक्त तिला विश्वास हे नाव देऊ नये.

वरवरचे फरक पुष्कळ सांगता येतील: आवाज, देहबोली, बोलका स्वभाव, मितभाषी स्वभाव. त्यांत वेळ घालवण्यात अर्थ नाही. मोठ्यानं प्रार्थना करणारा धीट आणि पुटपुटणारा कमी विश्वासाचा, हा हिशेब मात्र मला मुळीच मान्य नाही. शमुवेलाची आई हन्ना प्रार्थना करत होती तेव्हा तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. एली याजकाला ती दारू प्यालेली वाटली. देवानं तिचं ऐकलं.

खरा घोळ होतो तो एकाच ठिकाणी. खात्री निकालावर टेकलेली असते, धैर्य देवावर. हे ऐकताना सगळे मान डोलावतात आणि पुढच्याच प्रार्थनेत पुन्हा तीच गल्लत करतात, म्हणून जरा सावकाश पाहू.

दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो नबुखद्नेस्सर राजापुढे उभे आहेत. राजाच्या मूर्तीपुढे न वाकणाऱ्याला टाकायला भट्टी पेटलेली आहे. सतराव्या वचनात ते म्हणतात की आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे. या वचनावर मी असंख्य प्रवचनं ऐकली. अठराव्यावर फार थोडी. अठरावं वचन ‘आणि त्यानं सोडवलं नाही तरी’ असं सुरू होतं: तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. देवाच्या सामर्थ्याबद्दल त्या तिघांच्या मनात शंका नाही. तो या वेळी काय करील हे त्यांना माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव ते आणत नाहीत. निर्णय मात्र झालेला आहे. सतरावं वचन अठराव्यापासून तोडलं की हातात उरते ती केवळ यशाची खात्री, आणि तीही दुसऱ्याच्या जिवावर बेतणारी.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो प्रामाणिक आहे. येशूनंच सांगितलं ना, की जे काही मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा? हो, मार्काच्या अकराव्या अध्यायात ते आहे. त्याच शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात, गेथशेमानेत, तोच येशू प्रार्थना करतो: अब्बा, बापा, तुला सर्वकाही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. भट्टीपुढच्या त्या तिघांच्या बोलण्याचीच ही घडण आहे. देव समर्थ आहे, मागणं उघड आहे, आणि शेवटी ‘तरी’. तो प्याला, म्हणजे वधस्तंभावरचं मरण, दूर झाला नाही. त्या प्रार्थनेत विश्वास कमी पडला असं म्हणण्याची कुणाची छाती होईल?

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आपण ‘विश्वासवीरांचा अध्याय’ म्हणून वाचतो. त्यातली एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. चौतिसाव्या वचनात काही जण तरवारीच्या धारेपासून वाचले. सदतिसाव्यात काही जण तरवारीनंच मारले गेले. दोन्ही गट एकाच यादीत आहेत आणि एकोणचाळिसावं वचन दोघांच्याही विश्वासाबद्दल साक्ष देतं. प्रेषितांच्या कृत्यांतला बारावा अध्याय तर आणखी टोकदार आहे. हेरोद राजा येशूचा शिष्य याकोब याला तरवारीनं मारतो, मग दुसरा शिष्य पेत्र याला धरतो, आणि पेत्र मात्र रात्री तुरुंगातून सुटतो. मंडळी तीच, काळ तोच. याकोबाचा विश्वास पेत्रापेक्षा उणा होता, असं कृत्यांचा लेखक लूक कुठेही सुचवत नाही. आपण मात्र एकाच्या घरी बरं वाटलं आणि दुसऱ्याच्या घरी मृत्यू झाला की हाच हिशेब लगेच मांडतो.

आता त्या शब्दाकडे येतो. नव्या करारात आपण ‘धैर्य’ असं वाचतो, तिथे बऱ्याच जागी मूळ ग्रीक शब्द ‘पारेसिया’ आहे. ‘सर्व’ आणि ‘बोलणं’ या दोन शब्दांपासून तो बनला. अथेन्सच्या लोकशाहीत नागरिकाला मनात असेल ते मोकळेपणानं बोलण्याची जी मुभा होती, तिला हा शब्द वापरत. गुलामाला ती मुभा नव्हती. म्हणजे आपण कुणाचे आहोत आणि इथे आपल्याला काय स्थान आहे, हे ठाऊक असल्यानं तोंड मोकळं होतं, ते हे धैर्य. जिंकण्याचा त्यात संबंधच येत नाही. ‘आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ’ या इब्री पत्रातल्या वचनात हाच शब्द आहे. जायचं कशाला, तर दया व्हावी आणि ऐनवेळी साहाय्य मिळावं म्हणून. दया मागायला कोण जातो? ज्याचं काहीतरी चुकलं आहे, जो कमी पडला आहे तो. म्हणजे हे धैर्य अपयशी माणसालाच सांगितलं आहे.

पेत्राच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी इतक्या लख्ख दिसतात की मला दुसऱ्या उदाहरणाची गरज वाटत नाही. ‘सगळे अडखळले तरी मी कधीच अडखळणार नाही’, हे त्याचं शेवटच्या भोजनानंतरचं बोलणं. यशाची खात्री म्हणतात ती हीच, आणि ती मनापासूनची होती. त्याच रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात एका दासीच्या प्रश्नापुढे ती संपली. पुढे कृत्यांच्या चौथ्या अध्यायात हाच पेत्र प्रमुख याजक हन्ना (शमुवेलाच्या आईचं नाव तेच, माणूस वेगळा) आणि कयफा यांच्याच पुढ्यात उभा आहे, आणि त्याचं व योहानाचं धैर्य पाहून सभेला आश्चर्य वाटतं. तिथे शब्द आहे पारेसिया.

दरम्यान काय घडलं? पेत्राच्या गाठीला एखादं यश आलं आणि त्यामुळे तो धीट झाला, असं काही दिसत नाही. त्याच्या गाठीला होतं ते तीन वेळा नाकारण्याचं अपयश. सरोवराच्या काठी येशूनं त्याला ‘पुढच्या वेळी तरी टिकशील ना?’ असं विचारलं नाही. ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असं तीनदा विचारलं, आणि दर वेळी कळपाचं काम सोपवलं. मला वाटतं, पेत्राच्या नंतरच्या धैर्याचं मूळ तिथे आहे. त्याचं अपयश ज्याच्यासमोर उघडं पडलं, त्यानंच त्याला पुन्हा उभं केलं होतं. मग कयफापुढे झाकायचं काय उरलं?

पेत्र आणि योहान सुटून आल्यावर मंडळीनं जी प्रार्थना केली तीही पाहावी. धमक्या थांबव, असं ते मागत नाहीत. धमक्यांकडे पाहा आणि आम्हांला धैर्यानं बोलू दे, असं मागतात.

याच गोंधळाचं एक पोर म्हणजे ‘भीती वाटली म्हणजे अविश्वास’. यासाठी २ तीमथ्य १:७ पुढे केलं जातं. पण आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तिथे शब्द फार नेमका आहे: देवाने आपल्याला ‘भित्रेपणाचा’ आत्मा दिलेला नाही. भीती वेगळी, भित्रेपणा वेगळा. भीती वाटते. भित्रेपणा आपण करतो, म्हणजे भीतीला निर्णय घेऊ देतो. मूळ ग्रीकमध्येही इथे भीतीचा नेहमीचा शब्द न वापरता भ्याडपणाचा वापरला आहे. ‘प्रीतीच्या ठायी भीती नसते’ हे योहानाचं वाक्यही असंच ओढून ताणून वापरतात. त्याच्या आधीचं वचन न्यायाच्या दिवसाबद्दल आहे आणि त्याच वाक्यात भीतीचा संबंध शासनाशी, म्हणजे शिक्षेशी, जोडला आहे. देव मला झिडकारील, ही भीती तिथे दूर केली आहे. व्यासपीठावर चढताना गुडघे लटपटण्याबद्दल योहान तिथे बोलतच नाही. प्रेषित पौल स्वतः करिंथकरांना लिहितो की मी तुमच्याकडे अशक्त, भयभीत आणि थरथर कापत आलो होतो. आणि त्याच करिंथात प्रभूनं त्याला रात्री दृष्टान्तात सांगितलं होतं: भिऊ नको, बोलत राहा.

मी पहिल्यांदा वचन सांगायला उभा राहिलो तेव्हा मधेच सगळं विसरलो आणि पंधरा मिनिटांचं बोलणं चारेक मिनिटांत आटोपून खाली बसलो. नंतर एका वडीलधाऱ्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “विश्वास वाढव, मग असं होणार नाही.” पुढची दोन वर्षं मी उभा राहिलो नाही. भीती जाण्याची वाट पाहत होतो. गिदोनाची गोष्ट मी तेव्हा नीट वाचली असती तर ती दोन वर्षं वाचली असती. बआल या मूर्तिदैवताची वेदी मोडायला देवानं सांगितलं, आणि घरच्यांच्या व गावकऱ्यांच्या भीतीनं गिदोनानं ते काम दिवसा न करता रात्री केलं. शास्त्र हे स्पष्ट नोंदवतं आणि त्याबद्दल त्याला दोष देत नाही. वेदी मोडली गेली. इब्री पत्राच्या त्या यादीत गिदोनाचं नाव आहे.

अपयशाच्या भीतीचं आतलं यंत्र पाहायचं असेल तर मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला तिसरा दास पाहावा. तीन दासांना पाच, दोन आणि एक तालंत दिले होते. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. सगळ्यांत कमी मिळालेल्याच्या हातातही जवळपास वीस वर्षांची कमाई होती. (‘टॅलेंट’ हा शब्द ‘अंगची कला’ या अर्थानं रूढ झाला तो याच दाखल्यामुळे, आणि त्यामुळे इथे पैसा केवढा होता हे आपण विसरतो.) त्यानं ते पुरून ठेवलं. हिशेब देताना तो म्हणतो, मी भ्यालो. पण त्याआधी तो म्हणतो, तुम्ही कठोर आहात हे मला ठाऊक होतं. क्रम महत्त्वाचा आहे. धंदा बुडेल याची त्याला भीती होती, पण तिचं मूळ धन्याबद्दलच्या त्याच्या कल्पनेत होतं. उरलेल्या दोघांना नफ्याची हमी कुणी दिली होती, असं दाखल्यात नाही. त्यांनी धनी वेगळा ओळखला होता.

म्हणून अपयशाला घाबरणाऱ्याला ‘तू जिंकशीलच’ असं सांगून काही साधत नाही. तू हरलास तर देव तुझ्याशी कसा वागेल, हे सांगावं लागतं. पाण्यात बुडू लागलेल्या पेत्राला येशूनं ‘अल्पविश्वासी’ म्हटलं खरं, पण मत्तयाचा क्रम असा आहे की आधी हात पुढे करून त्याला धरलं, मग ते म्हटलं.

उलट बाजूची चूकही थोडक्यात सांगून टाकतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतानानं स्तोत्र ९१ मधलं वचन देऊनच सुचवलं. येशूनं त्याला देवाची परीक्षा पाहणं म्हटलं. देवानं न सांगितलेल्या निकालाची हमी गृहीत धरून औषधं बंद करणं किंवा कर्ज काढून बसणं यात मोडतं. त्याला धाडसी विश्वास म्हणणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे.

आणि फिलिप्पै ४:१३. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे परीक्षेच्या आणि स्पर्धेच्या शुभेच्छांवर छापणं कृपा करून थांबवा, नाहीतर बारावं वचनही सोबत छापा. त्यात पौल भुकेलेलं राहण्याबद्दल आणि विपन्नतेबद्दल बोलतो. ‘सर्वकाही’मध्ये हरणंही धरलेलं आहे. हे पत्र त्यानं बंधनात असताना लिहिलं.

इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ साली बंगालमध्ये उतरले. त्यांच्या कामातला पहिला बंगाली विश्वासणारा, कृष्ण पाल, याचा बाप्तिस्मा झाला डिसेंबर १८०० मध्ये. मधली सात वर्षं दाखवण्यासारखं यश नव्हतं. पुढे मार्च १८१२ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागून भाषांतरांची हस्तलिखितं आणि टाइप जळाले. ते पुन्हा कामाला बसले. ती सात वर्षं धैर्याची नव्हती आणि त्यानंतरची होती, असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं ‘धैर्य’ कशाला म्हणतो ते आधी सांगावं.

पौलानं इफिसकरांना साखळदंडातून लिहिताना एक विनंती केली: मला धैर्यानं बोलता यावं म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा. एवढ्या प्रवासांनंतर आणि एवढ्या तुरुंगांनंतरही त्याला ते मागावं लागत होतं. प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक संपतं तेव्हा तो रोममध्ये भाड्याच्या घरात आहे, दोन वर्षं, येईल त्याला देवाचं राज्य सांगत, आणि लूक पुन्हा तोच शब्द लिहितो, पूर्ण धैर्यानं. कैसरापुढच्या त्याच्या खटल्याचा निकाल काय लागला, ते लूक सांगत नाही.