बोटं आखडली: आमवात की लेट्रोझोल?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन संपलं. मग रोजची एक छोटी गोळी, लेट्रोझोल, सुरू होते, आणि दोनतीन महिन्यांत सकाळी उठल्यावर मूठच मिटेना. घरात कुणीतरी म्हणतंच, "अगं, हा आमवात दिसतोय." तिकडे आमवात असलेल्या बाईला उलटी धास्ती, की यातून पुढे स्तनाचा कॅन्सर तर होणार नाही?

या धास्तीचं उत्तर दिलासा देणारं आहे. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा आमवाताच्या रुग्णांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं नव्हतं, उलट थोडं कमीच भरलं. वाढतो तो लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा धोका, सुमारे दुप्पट, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा. तरी गाठ लागली तर थांबू नका आणि मॅमोग्राफी सांगितली असेल तर चुकवू नका.

आता मूठ न मिटण्याकडे. आमवातात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटते. मनगटं आणि बोटांची मुळं दोन्ही हातांना सुजतात, गरम लागतात, आखडलेपण तासाभराहून जास्त टिकतं. उपचार लांबले तर हाड झिजून बोटं वाकडी होतात. रक्तात अँटी-सीसीपी नावाचं प्रतिपिंड (अँटीबॉडी) बऱ्याचदा सापडतं, पण प्रत्येकीत नाही.

लेट्रोझोलचं, तसंच अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेनचं, गणित वेगळं. पाळी गेल्यावरही चरबीतला अ‍ॅरोमॅटेज हा एन्झाइम थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतो. गोळी तेच बंद पाडते. गाठीचं खाद्य तुटतं, पण इस्ट्रोजेन आटल्याचं सांध्यांनाही जाणवतं. जवळजवळ निम्म्या बायकांना हे दुखणं होतं. चार पावलं चाललं की सैल होतं, बसून उठलं की पुन्हा धरतं. बोट मध्येच अडकतं, रात्री हाताला मुंग्या येतात. सूज मात्र सहसा नसते, सांध्यातलं हाडही आमवातासारखं झिजत नाही. सूज दिसली आणि टिकली तर संधिवाततज्ज्ञांना दाखवाच, कारण या गोळ्या चालू असताना खरा आमवातही सुरू होऊ शकतो.

एका गोष्टीची मला फार काळजी वाटते. आमवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, लेट्रोझोल रोज. दोन्ही 2.5 मिलिग्रॅममध्ये मिळतात. एकाच घरात दोन्ही असतील तर डबे वेगळे ठेवा, मेथोट्रेक्सेटच्या डब्यावर वार लिहा. ती चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात, जीवही जातो.

आणि दुखतंय म्हणून लेट्रोझोल परस्पर सोडू नका. ती निदान पाच वर्षं घ्यायची असते, कॅन्सर परतू नये म्हणून. डॉक्टर काही आठवडे थांबवून पाहू शकतात, याच गटातली दुसरी गोळी किंवा टॅमॉक्सिफेन ही वेगळ्या गटातली गोळी देऊ शकतात, दुखण्यासाठी ड्युलॉक्सेटिनचाही उपयोग होतो. अमेरिकेतल्या एका चाचणीत आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनं उचलणं, असं वर्षभर केलेल्या बायकांचं दुखणं सुमारे 30 टक्क्यांनी उतरलं.